शेकडा म्हणजे किती

मला कंत्राटावर घेतलं ते जुळवणीसाठी.
पाच बंदरं, पाच वह्या, आता पाच संगणक,
आणि एकाचं दुसऱ्याला कळत नाही.
हर्णैला उतरते ती मुशी, मालवणात मोरी.
मी मधे चिन्ह टाकते: बरोबर.
वेंगुर्ल्याची इसवण, मिरकरवाड्याची सुरमई: बरोबर.
दिवसाला दोनशे ओळी, ओळीमागे सव्वा रुपया,
खिडकीबाहेर जाळी शिवणारे तिघे
आणि त्यांचा रेडिओ, एकच स्टेशन धरणारा.

पहिला महिना सोपा गेला.
मग जवळा आणि गोलमा आले समोरासमोर.
तोच जीव,
पण एक ओला, एक वाळलेला,
मधे चार दिवसांचं ऊन.
ते कुठल्या रकान्यात भरू?
गंधार सरांनी पुण्याहून लिहिलं,
"अंदाजे बरोबर" असा पर्याय टाकलाय, तो घ्या.
घेतला.

मग वाटा.
बोटीवर वाटा म्हणजे खलाशाचा हिस्सा,
बाजारात वाटा म्हणजे फळीवर मांडलेला ढीग,
बँकेच्या फॉर्मात वाटा म्हणजे टक्के,
दशांश चिन्हासकट.
जैनुद्दीन होडेकरांच्या वहीत तर शब्दच नाही,
नुसत्या उभ्या रेघा, माणसागणिक एक,
आणि शेवटी एक आडवी.
फोन करून विचारलं, ही आडवी कोणाची?
बोटीची, म्हणाले. तीपण खाते.

शेकडा मात्र मी कोणाला न विचारता भरला.
शंभर.
त्यात विचारायचं काय?

नवरात्रात सगळं सुरू झालं.
ज्याला त्याला स्वतःचं पान.
नमस्कार द्वारका मेतर, खास तुमच्यासाठी:
आजचा वारा, बर्फाचा दर,
आणि खाली लाल अक्षरांत,
तूट: पाच बांगडे.
दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या दिवशी पाच.
मोजणी सुधारण्यासाठी येथे दाबा.

तिने दाबलं नाही. ती आली.
चपला बाहेर काढून, पदर खोचलेला,
वर्तमानपत्राचा पुडा माझ्या टेबलावर,
थेट कीबोर्डवर.
"बग, ही घे तुझी तूट. मोजून घे."

मी मोजले. पाच.

बोटीवरचं मशीन मोजत होतं एकशेपाच,
तिच्या वहीतला शेकडा मी केला होता शंभर,
आणि मधले पाच
चोरीला गेल्यासारखे लाल होऊन बसले होते.

"खंय गेले सांगू?
एक टोपली उचलून देणाऱ्या झिलाक.
एक बर्फवाल्याक.
एक मांजराक, ता वाट बगता.
एक देवचाराक.
आणि पाचवो रोजच्या गिऱ्हायकाक,
तेणा परत येवक व्हया मां?"

मग पुड्याकडे बोट.
"हे तुका. तुझ्या आवशीक काटे सोसणत नाय,
म्हणान मोठे बगून हाडलंय."

आईच्या घशात मागल्या शिमग्याला काटा अडकला होता.
हे मी कुठल्याही ओळीत लिहिलेलं नाही.

ती गेल्यावर हर्णैला फोन लावला,
तुमच्याकडे शेकडा किती?
हिरू चोगले हसत सुटला.
मोजतंय कोण त्यावर आहे, म्हणाला,
माझी सासू मोजत असली तर अठ्ठ्याण्णव.

टेबल पुसलं, पंखा लावला, वास राहिला.
बरोबरच्या चिन्हावर एक खवला चिकटलाय,
नखाने निघतो,
काढला नाही.

संध्याकाळी मी नवा रकाना उघडला. नाव दिलं वर्ताळा.
गंधार सरांचं लगेच उत्तर,
हे कोणाच्या खात्यावर टाकायचं?
मी पाचही नावं भरली,
झील, बर्फवाला, मांजर, सगळे,
मांजराला द्वारकाबाईंचाच नंबर दिला.
चौथ्या ओळीत देवचार.
मोबाईल क्रमांक आवश्यक आहे, म्हणतं.

ती ओळ अजून लाल आहे.